आठवीनंतरचा रस्ता

महाराष्ट्रातल्या खेड्यात मुलीचे नाव शाळेत घालायला आता सहसा कुणाची ना नसते. जिल्हा परिषदेची शाळा गावातच असते, चौथी-पाचवीपर्यंतचे वर्ग घरापासून हाकेच्या अंतरावर भरतात, पुस्तके फुकट मिळतात, दुपारी खिचडी मिळते. सहा वर्षांची पोर दप्तर पाठीला लावून निघाली तर शेजारपाजारच्यांना त्यात नवल वाटत नाही. अडते ते पुढे. वरचे वर्ग शेजारच्या मोठ्या गावात असतात, हायस्कूल बाजारच्या गावी आणि कनिष्ठ महाविद्यालय तालुक्याला. मुलगी जसजशी वाढते तसतशी शाळा लांब जाते.

कायद्याची हद्दही साधारण इथेच संपते. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांसाठी आहे. प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक तीन किलोमीटरच्या आत असावी, असे त्याच्या नियमांत धरलेले आहे. आठवी झाली की हा हिशेब मिटतो. नववीची शाळा किती लांब असावी हे हा कायदा सांगत नाही. नेमक्या याच वयात मुलगी ‘मोठी’ होते, तिच्या येण्याजाण्याकडे गावाचे लक्ष जाऊ लागते आणि घरात स्थळांचा विषय निघतो. लांबलेला रस्ता आणि वाढलेले वय एकाच वर्षी समोर उभे राहतात. मुलींची शाळा का सुटते याची कारणे पुष्कळ सांगितली जातात: गरिबी, रूढी, धाकट्या भावंडांची देखभाल, लग्न. ती सगळी खरी आहेत. पण त्यांतली बहुतेक या रस्त्यावर येऊन एकमेकांत मिसळतात. मुलींना बळ देण्याचे जे प्रयत्न टिकले, त्यांतले बरेचसे हे अंतर या ना त्या रीतीने तोडणारे होते.

पुण्याच्या भिडे वाड्यात १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा शिकणे जितके अवघड होते तितकेच शाळेपर्यंत पोचणेही. शिकवायला निघालेल्या सावित्रीबाईंवर शेण आणि चिखल फेकला जाई, म्हणून त्या बरोबर एक जास्तीचे लुगडे ठेवत, ही हकीकत महाराष्ट्रात घरोघर माहीत आहे. ती बहुधा सावित्रीबाईंच्या धैर्याची गोष्ट म्हणून सांगतात, आणि ती आहेच. पण हल्ला वर्गात झाला नव्हता, रस्त्यात झाला होता, हेही तीत आहे. बाई रस्त्याने एका ठरलेल्या कामासाठी, ठरलेल्या वेळी, रोज जाते याचाच लोकांना राग होता. त्या शाळांतून शिकलेल्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. अवघ्या सात वर्षांत एवढा पल्ला गाठला गेला होता.

पुढचा वाद वेळेचा झाला. न्यायमूर्ती रानडे, रामकृष्ण भांडारकर, वामनराव मोडक यांच्या पुढाकाराने १८८४ मध्ये पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले. पेशव्यांच्या खास पागेच्या जागेवर ते भरू लागले, म्हणून हुजूरपागा. टिळकांच्या ‘मराठा’ पत्राने या शाळेवर टीका केली तेव्हा एक आक्षेप शाळा दिवसभर चालते असा होता. मुलींना घरकाम शिकायला वेळ उरला पाहिजे, तर शाळा थोडेच तास असावी, असे म्हणणे होते. अभ्यासक्रमावरचे वाद आता ग्रंथालयात गेले आहेत, पण वेळेचा हा मुद्दा मात्र अजून घरोघर आहे. दिवस किती तास घराचा आणि किती तास मुलीचा, हे ठरवताना घरातल्या पाण्याच्या घागरी आजही मोजल्या जातात.

धोंडो केशव कर्वे यांनी हा प्रश्न दुसऱ्या टोकाने हाताळला. विधवा आणि निराधार मुलींसाठी १८९६ मध्ये त्यांनी संस्था काढली. शहरात प्लेग होता, शिवाय विधवा मुलींनी शिकणे शेजाऱ्यांना खपत नव्हते. १९०० मध्ये त्यांनी संस्था गावाबाहेर हिंगण्याच्या माळावर, दान मिळालेल्या जागेत, एका झोपडीवजा घरात नेली. कर्वे तेव्हा फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत. दिवसाचे तास संपले की आश्रमाला लागणाऱ्या जिनसा घेऊन ते पायी हिंगण्याला जात आणि सकाळी पुन्हा महाविद्यालयात हजर होत. पावसाळ्यात ती वाट चिखलाची असे. मुलींनी रोज शहरात यायचे नाही, शिकवणाऱ्याने त्यांच्याकडे जायचे, अशी ती उलटी व्यवस्था होती. आजचा कर्वे रस्ता साधारण त्याच दिशेने जातो. संध्याकाळच्या गर्दीत त्यावर अडकलेल्या माणसाला तो मूळचा एका मास्तरांच्या पायपिटीचा रस्ता आहे हे सहसा आठवत नाही. या कामातून १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे राहिले. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला पंधरा लाख रुपयांची देणगी देऊ केली आणि त्यांच्या आईचे नाव विद्यापीठाला लागले.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना ठाण्याच्या किनारपट्टीवर, आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी आणि कोसबाड इथे, वेगळीच अडचण दिसली. १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले, १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली पाड्यांतल्या मुली शाळेत येत नसत, आल्या तरी टिकत नसत. आई कामाला गेली की धाकटे भावंड मुलीच्या कडेवर. शाळा पाड्यापासून चार पावलांवर असली तरी मूल कडेवर घेऊन तिला वर्गात कोण बसू देणार? यावर बाईंनी उपाय केला तो असा, की मुलीने भावंडाला घेऊनच यावे. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणली आणि तिला ‘विकासवाडी’ म्हटले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणात नेली, ती ‘कुरणशाळा’. बालवाडी पाड्यातल्या अंगणात भरवायची ही बोर्डीची कल्पना, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथलाच. आता तो देशभरच्या सरकारी कागदांत आहे. पण अंगणवाडी म्हटले की लहान मुलांचा खाऊ आणि वजनकाटा एवढेच डोळ्यांसमोर येते. तिच्यामुळे मोठ्या बहिणीची शाळा वाचते, ही मूळची अर्धी बाजू आज मागे पडली आहे.

आजचा रस्ता मुख्यतः एसटीचा आहे. अहिल्याबाई होळकर योजनेखाली ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी एसटीचा पास मोफत मिळतो. मानव विकास कार्यक्रमात राज्यातले १२५ मागास तालुके आहेत. तिथे तालुक्यामागे सात याप्रमाणे निळ्या गाड्या खास मुलींच्या वाहतुकीसाठी दिलेल्या आहेत. शाळा पाच किलोमीटरच्या आत असेल तर आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. कागदावर ही रचना चांगली आहे आणि बऱ्याच प्रमाणात ती चालतेही. तिची खरी परीक्षा फाट्यावर होते.

सकाळी साडेनऊचा सुमार. वस्तीवरून दीड-दोन किलोमीटर चालत आलेल्या दहा-बारा मुली फाट्यावर उभ्या असतात. निवारा म्हणून एक पत्र्याची शेड, तिच्यात बहुधा कुणाच्या दुचाक्या लावलेल्या. गाडी आली की आधीच्या तीन गावांच्या मुलींनी ती भरलेली असते. वाहक आत सरकायला सांगतो, दप्तरे पुढच्या बाकावरच्या मुलींच्या मांडीवर जातात. गाडी दहा मिनिटे आधी आली तर चुकते. अर्धा तास उशिरा आली तर पहिला तास बुडतो आणि हजेरीपटावर लाल खूण पडते. शनिवारी सकाळची शाळा अकराला सुटते, परतीची फेरी मात्र रोजच्या वेळेलाच असते. म्हणजे पाच-सहा तास स्थानकावर बसायचे किंवा मिळेल त्या जीपमधून यायचे. घरचे लोक जीपला नाही म्हणतात. मग शनिवार बुडतो, आणि शनिवारला जोडून सोमवारही कधी कधी. कुणी शाळा सोडायचे ठरवत नाही, ती अशी थोडी थोडी सुटत जाते. गाडीचे वेळापत्रक आगारात ठरते, शाळेचे मुख्याध्यापकांच्या खोलीत. दोन्हींचा मेळ बसला तर त्या फाट्यावरच्या मुली दहावीला बसतात.

हे अवलंबून असणे किती नाजूक आहे ते एसटी कर्मचाऱ्यांच्या संपात दिसले. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. कोरोनामुळे दीड वर्ष बंद राहिलेल्या शाळा तेव्हा नुकत्याच उघडल्या होत्या. मुलगे मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून गेले. मुलींना ती सोय नव्हती.

सायकलीचा सगळ्यात नीट अभ्यासलेला अनुभव बिहारचा आहे. तिथे २००६ मध्ये नववीत नाव घालणाऱ्या प्रत्येक मुलीला सायकलीसाठी दोन हजार रुपये द्यायला सुरुवात झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून त्याचा परिणाम तपासला. नववी-दहावीच्या वयाच्या मुलींची पटनोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलगे व मुली यांच्यातले अंतर ४० टक्क्यांनी कमी झाले, असे त्यांना आढळले. वाढ मुख्यतः अशा गावांत होती, जिथून हायस्कूल तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब होते. म्हणजे मुलींना शाळेत जायचे होतेच, आईबापांची ना होती ती अंतराला. पैशाइतकाच महत्त्वाचा दुसरा परिणाम घडला. एकाच गावातल्या सगळ्या नववीच्या मुलींकडे एकदम सायकली आल्या, तेव्हा त्या घोळक्याने जाऊ लागल्या. एकटी सायकलवर निघालेली मुलगी टीकेचा विषय होते. पंधरा जणी निघाल्या की ती शाळेची वेळ होते, एवढेच.

लग्नाचा प्रश्न या रस्त्याला समांतर चालतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१), महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले होते. देशाची सरासरी २३.३ टक्के. राज्याच्या सरासरीने फसगत होते, कारण परभणीत हे प्रमाण ४८ टक्के आणि बीडमध्ये ४३.७ टक्के आहे. याच बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे अवघ्या ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. मुली कमी झाल्या तर त्यांना मान वाढेल असा एक भोळा तर्क एके काळी ऐकू येई. बीडचे आकडे त्याचे उत्तर आहेत.

बीडमधल्या लवकर लग्नांची मुळे ऊसतोडीत आहेत. दिवाळीच्या सुमारास मुकादम टोळ्या घेऊन कारखान्यांच्या पट्ट्यात उतरतो आणि उन्हाळा लागेपर्यंत गाव अर्धे रिकामे होते. या धंद्यात माणसे डोक्यांनी मोजत नाहीत, कोयत्यांनी मोजतात, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या मुलाला ‘अर्धा कोयता’ म्हणतात. लग्न झाले की जोडीला पूर्ण उचल मिळते. मुलीच्या आईबापांपुढे निवड अशी असते: चौदा-पंधरा वर्षांची पोर फडात, पाचटाच्या कोपीत बरोबर न्यायची, की गावी म्हाताऱ्या आजीजवळ सहा महिने ठेवायची. दोन्हींत जोखीम आहे. लग्न करून दिले की ती जोखीम दुसऱ्या घराकडे जाते. हा विचार निर्दयपणाने होत नाही, घाबरून होतो. त्यामुळे ‘मुलगी शिकवा’ असे सांगून तो बदलत नाही, सहा महिन्यांसाठी मुलीला राहायला सुरक्षित जागा मिळाली तर बदलू शकतो. हंगामी वसतिगृहे त्यासाठीच आहेत. राज्य सरकारने २०२१ मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना जाहीर केली, त्यांतली निम्मी मुलींसाठी.

कायदा आहे, आणि जुना आहे. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठेवले, १९७८ मध्ये ते अठरा झाले. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली महाराष्ट्राच्या गावांत ग्रामसेवक हाच प्रतिबंधक अधिकारी असतो आणि अंगणवाडी सेविका त्याची मदतनीस. १०९८ या चाइल्डलाइन क्रमांकावर कुणीही, खुद्द मुलगीसुद्धा, कळवू शकते. पण सेविकेला त्याच गावात राहायचे असते, आणि मांडवातून थांबवलेले लग्न आठ दिवसांनी दुसऱ्या गावच्या देवळात लागते. लग्न थांबवल्यावर ती मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत गेली का, याची चौकशी फार थोड्या ठिकाणी होते.

सरकारांचा आवडता मार्ग पैशाचा आहे. महाराष्ट्राच्या ‘लेक लाडकी’ योजनेत १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या, पिवळ्या किंवा केशरी शिधापत्रिकेच्या कुटुंबातल्या मुलीला जन्मानंतर पाच हजार, पहिलीत सहा हजार, सहावीत सात हजार, अकरावीत आठ हजार आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५ हजार, असे एकूण एक लाख एक हजार रुपये मिळतात. या मांडणीतला चांगला भाग म्हणजे मधले हप्ते शाळेच्या वर्गांना बांधलेले आहेत. मोठी रक्कम मात्र शेवटी आहे, आणि तिच्याबाबत हरियाणाचा अनुभव आठवावा लागतो. तिथे १९९४ पासून ‘अपनी बेटी अपना धन’ योजनेत मुलीच्या नावे पैसे गुंतवले गेले. अठरापर्यंत अविवाहित राहिली तर तिला सुमारे २५ हजार रुपये मिळायचे. पहिल्या मुली अठरा वर्षांच्या झाल्यावर तपासणी झाली, तेव्हा अठराच्या आतली लग्ने त्यामुळे कमी झाल्याचे दिसले नाही. मिळालेली रक्कम पुष्कळ घरांनी लग्नखर्चाला धरली होती. आईबापांच्या मनात त्या ठेवीचे नाव आधीच ठरलेले होते. नववीच्या तोंडाशी दिलेल्या दोन हजारांनी बिहारमध्ये जे केले ते अठराव्या वर्षीच्या पंचवीस हजारांना हरियाणात जमले नाही. रकमेपेक्षा ती कोणत्या वळणावर हातात पडते याला जास्त महत्त्व आहे.

रस्ता, गाडी, वसतिगृह यांमुळे मुलगी शाळेपर्यंत पोचते. शिकून काय व्हायचे, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर मुलीला बहुधा आजूबाजूच्या बायकांकडे बघून मिळते. पश्चिम बंगालच्या ४९५ गावांत झालेला एक अभ्यास २०१२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. ज्या गावांत सरपंचपद लागोपाठ दोनदा स्त्रियांसाठी राखीव होते, तिथे मुलांबद्दल आणि मुलींबद्दल आईबापांच्या असलेल्या अपेक्षांतली तफावत बरीच घटली. मुलामुलींच्या स्वतःच्या अपेक्षांतली तफावत ३२ टक्क्यांनी घटली. शिक्षणातले अंतर जवळजवळ पुसले गेले आणि मुलींचा घरकामात जाणारा वेळही कमी झाला. सरपंचबाईंनी मुलींसाठी वेगळे काही केले म्हणून हे झाले असे दिसत नव्हते. त्या खुर्चीवर बसलेल्या रोज दिसत होत्या, एवढे पुरले. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांना आहेत. ‘सरपंचपती’ कारभार पाहतो तिथे हा परिणाम कितपत होत असेल, ही शंका रास्त आहे.

मराठी खेड्यात मुलींच्या डोळ्यांसमोरचे नमुने आणखी आहेत: आशाताई, शिक्षिका, बँकेतली क्लार्क, आणि गेल्या काही वर्षांत पोलीस. राज्याच्या नोकऱ्यांत स्त्रियांना ३० टक्के आरक्षण आहे. १९९४ मध्ये राज्याचे पहिले महिला धोरण आले तेव्हापासूनच्या वाटचालीचे ते एक फळ. त्याचा परिणाम पहाटे डांबरी रस्त्यावर दिसतो. भरतीत मुलींना आठशे मीटर आणि शंभर मीटर धावणे आणि गोळाफेक असते. म्हणून उजाडायच्या आत ट्रॅकसूट आणि स्वस्तातले बूट घातलेल्या मुली मैलाच्या दगडांवरून अंतर मोजत धावतात. कडेला एखादीचा बाप मोटारसायकलचा दिवा लावून उभा असतो, हातात मोबाइलवर लावलेले घड्याळ. ज्या रस्त्यावर संध्याकाळी सातनंतर तीच मुलगी एकटी दिसली तर लोक विचारतील, तिथे पहाटे पाचला ती बिनधास्त धावते, कारण सगळ्यांना ठाऊक असते की भरती आहे. काम असले की रस्ता मोकळा होतो.

बारावीनंतर पुन्हा अंतर आडवे येते. २०२४-२५ या वर्षापासून राज्याने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क पूर्ण माफ केले. आधी ही सवलत अर्ध्या शुल्काची होती. अभियांत्रिकी किंवा औषधनिर्माणशास्त्राची फी भरायची म्हणून वावर विकणाऱ्या घरांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. पण महाविद्यालय गावात नसते. जिल्ह्याच्या ठिकाणी खोलीचे भाडे आणि खानावळीचा महिना यांचा हिशेब फीमाफीत नाही, आणि सरकारी वसतिगृहातल्या जागा मोजक्या. प्रवेशाची यादी लागली की बाप आधी विचारतो ते फीचे नाही, ‘ऱ्हाशील कुठं?’ हे.

कर्वेनगरला, जुन्या हिंगण्याच्या जागेवर, कर्व्यांच्या संस्थेची शाळा-महाविद्यालये आहेत आणि त्याच आवारात बाहेरगावच्या मुलींची वसतिगृहे आहेत. पावसाळ्याच्या तोंडाला वर्ष सुरू होते तेव्हा फाटकाशी रिक्षा थांबतात, पत्र्याच्या ट्रंका आणि गाद्यांच्या वळकट्या उतरतात, आया खोली पाहून येतात, आणि वडील ऑफिसच्या खिडकीपाशी पावती घेत उभे असतात.